कोऱ्या पानाची नोंद



मी कविता लिहिणारा माणूस. मला कुठे बोलावलंच तर कवितेवर बोलायला बोलावतात. आज मात्र मी व्हिडिओ गेमच्या एका मासिकाबद्दल बोलणार आहे. मला व्हिडिओ गेम खेळता येत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

गेल्या उन्हाळ्यात मिरजेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरायला काढला. आमचे अब्बा शिंपी होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या गंजलेल्या कात्र्या होत्या, बटणांचे डबे होते, आणि तळाशी जुन्या चादरीत बांधलेला एक गठ्ठा होता. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने तो सोडला. आत सहा पातळ वह्या निघाल्या. पहिल्या वहीवर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, 'गेम'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'व्हिडिओ गेमचे मिरजेतील एकमेव मासिक. किंमत चार आणे. वाचून परत करणे.'

अक्षर माझ्या भावाचं होतं. तो २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला.

त्याची मुलगी बराच वेळ पानं उलटत राहिली. मग तिने विचारलं, "बडे अब्बा, अब्बांनी हे काढलं तेव्हा ते किती वर्षांचे होते?"

मी थोरला भाऊ, त्या घरातला आता एकटा साक्षीदार. मी बेधडक सांगून टाकलं, "बाराएक वर्षांचा असेल. एक-दोन अंक काढले त्याने. मग मी नोकरीसाठी सोलापूरला गेलो आणि त्याचं ते खूळ संपलं."

ती म्हणाली, "एक-दोन कसे? इथे सहा आहेत."

ती ग्रंथालयशास्त्र शिकते. तिने वह्या पुन्हा चादरीवर ओळीने मांडल्या आणि मला म्हणाली, "अंदाजाने नको सांगू या. कागदावरून काढू या." त्या दिवसापासून दोन महिने आम्ही दोघं त्या सहा वह्यांच्या तारखा शोधत होतो. त्यात काय सापडलं ते आज सांगायचं आहे.

शाळेत असताना तुमच्यापैकी अनेकांनी हस्तलिखित काढलं असेल. वर्गात चांगलं अक्षर असलेली मुलगी मजकूर उतरवायची, चित्रकला बरी असलेला मुलगा मुखपृष्ठ करायचा आणि गुरुजी प्रस्तावना लिहायचे. एकच प्रत. ती कपाटात जायची आणि पुढे कुणाला दिसायची नाही. माझ्या भावाचं 'गेम' हे याच जातीचं. फरक इतकाच की त्याला गुरुजींनी सांगितलं नव्हतं. उलट गुरुजींना कळू नये याची काळजी त्याने घेतली होती.

आपल्याला वाटतं, असले उद्योग आपलीच मुलं करतात. पण जगभर असे वेडे झालेले आहेत. इंग्रजीत अशा घरगुती मासिकाला 'फॅनझिन' म्हणतात. फॅन म्हणजे चाहता आणि झिन हा मॅगझिनचा शेपटाचा तुकडा. हा शब्द १९४० साली अमेरिकेतल्या रस शोव्हने नावाच्या एका विज्ञानकथांच्या चाहत्याने बनवला. प्रकार त्याच्याही आधीचा. शिकागोच्या एका वाचकमंडळाने मे १९३० मध्ये 'द कॉमेट' नावाचं पत्रक काढलं, तिथून विज्ञानकथांच्या फॅनझिनची गणना करतात. घरच्या घरी टाइप करायचं, सायक्लोस्टाइल करायचं आणि टपालाने पाठवायचं.

व्हिडिओ गेमची मासिकं याच मुशीतून निघाली. अमेरिकेत १९८१ च्या अखेरीस 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे मासिक सुरू झालं. ते सुरू करणारे आर्नी कॅट्झ आणि बिल कंकेल हे दोघे मूळचे फॅनझिनवाले. पुढे १९८३ मध्ये तिथला गेमचा धंदा कोसळला. न खपलेल्या खेळांच्या कॅसेटी अटारी कंपनीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. त्या २०१४ साली उकरून काढल्या, तेव्हा लोकांना ती दंतकथा नसल्याचं पटलं. धंदा बसला की मासिकं बसतात. पण चाहते कुठे जाणार? दुकानदारांनी मोडीत काढलेल्या अटारीच्या खेळांवर १९९० मध्ये 'ट्वेंटी सिक्स हंड्रेड कनेक्शन' आणि १९९१ मध्ये 'डिजिटल प्रेस' अशी चाहत्यांची पत्रकं निघाली. कुठल्या खेळाच्या किती कॅसेटी निघाल्या, कुठली दुर्मीळ, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. कंपन्यांनी जे जपलं नाही ते त्यांनी जपलं.

ही पत्रकं आता मोठ्या संस्था सांभाळतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने रस्टी हेव्हलिन नावाच्या एका चाहत्याने जन्मभर जमवलेली विज्ञानकथांची सुमारे दहा हजार फॅनझिनं संगणकावर चढवायचं काम २०१४ मध्ये हाती घेतलं. रॉचेस्टर शहरात स्ट्राँग म्युझियम म्हणून खेळण्यांचं मोठं संग्रहालय आहे, तिथे व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. फक्त गेमच्या इतिहासासाठी २०१७ मध्ये एक प्रतिष्ठान निघालं आणि त्याचं संगणकीय ग्रंथालय जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांना खुलं झालं.

आता या संस्थांपुढची अडचण तीच, जी आमच्यापुढे चादरीवर मांडलेली होती. चाहता तारीख घालत नाही. तो लिहितो, 'अंक तिसरा'. का घालत नाही? कारण वाचणाऱ्याला ठाऊकच असतं की आज कुठला दिवस आहे. पन्नास वर्षांनी कुणी हे उघडेल, असं त्याच्या मनात कशाला येईल?

मग तारीख काढायची कशी? माझ्या पुतणीने मला यातली एक-एक युक्ती समजावली. अमेरिकेतलं पत्रक टपालाने गेलेलं असतं, त्यावर तिकीट असतं. तिथे साध्या पत्राचा दर १९८५ मध्ये बावीस सेंट झाला, १९८८ मध्ये पंचवीस, १९९१ मध्ये एकोणतीस आणि १९९५ मध्ये बत्तीस. साध्या पत्राएवढ्या वजनाच्या पाकिटावर एकोणतीस सेंटचं तिकीट असेल, तर ते बहुधा १९९१ ते १९९४ मधलं. लंडनच्या पत्रकावर फोन नंबर छापलेला असेल तर आणखी सोपं. तिथला शून्य-एक हा क्रमांक मे १९९० मध्ये बदलला, शहराचे दोन भाग झाले. एप्रिल १९९५ मध्ये त्यात पुन्हा एक आकडा वाढला. फोन नंबर लिहिणाऱ्याने तारीख लिहिली नाही, पण नंबरानेच ती सांगितली.

थोडक्यात, दोन भिंती शोधायच्या. एक, हा कागद अमुक दिवसाच्या आधीचा असूच शकत नाही. दुसरी, हा तमुक दिवसाच्या नंतरचा असू शकत नाही. दोन्ही भिंती जितक्या जवळ येतील तितकी तारीख पक्की. शिलालेखांचे आणि जुन्या पत्रांचे अभ्यासक हेच करत आले आहेत.

आमच्या वह्यांवर तिकीट नव्हतं. त्या टपालाने कुठे गेल्याच नव्हत्या. गल्लीत फिरून घरी परत आल्या होत्या. पण दुसरं बरंच काही होतं.

आधी वह्यांचं वर्णन सांगतो. मागच्या वर्षाच्या शाळेच्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं काढून त्यांचे अंक केलेले. प्रत्येकात सोळा ते चोवीस पानं. शिलाई अब्बांच्या मशीनवर मारलेली, त्यामुळे टाका अगदी सरळ. आत गावातल्या गेमच्या दुकानाच्या बातम्या, कुठल्या मशीनची कुठली कळ अडकते त्याची तक्रार, मारिओच्या नकाशाची चित्रं आणि वाचकांची पत्रं. ती पत्रंही बहुतेक त्यानेच लिहिलेली असावीत, कारण सगळ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका सारख्याच आहेत. मागच्या पानावर वाचून परत करणाऱ्यांच्या सह्या. शिवाय प्रत्येक अंकाच्या शेवटी एक जाहिरात: 'कॉन्ट्रामध्ये तीस लाईफ मिळवण्याची गुप्त युक्ती. पुढच्या अंकात.' ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॉन्ट्रामध्ये खेळणाऱ्याला तीनच जीव मिळत. ते दोन मिनिटांत संपत. तीस मिळवायची युक्ती म्हणजे त्या मुलांच्या दृष्टीने अमृताचा कलशच. संपादक मोठा हुशार. पाच अंक त्याने ती युक्ती पुढच्या अंकावर ढकलली आहे.

आता तारखा. पहिल्या अंकाचं संपादकीय असं आहे: काल शेजारच्या काकूंनी पाडव्याचं श्रीखंड पाठवलं, आज आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्मा गेला, पण ईद रविवारी आल्यामुळे शाळेची एक सुट्टी बुडाली.

मी हसलो. पुतणी हसली नाही. ती म्हणाली, "यातच तारीख आहे."

खरंच होती. हिजरी वर्ष चंद्राचं, त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. पाडवाही चंद्रावरच, पण अधिक महिना त्याला धरून ठेवतो. म्हणून दोन्ही सण शेजारी-शेजारी क्वचित येतात. जुन्या कागदांचे अभ्यासक शके, हिजरी आणि इसवी यांचा मेळ घालायला जंत्री वापरतात, तसं आम्ही जुनी पंचांगं घेऊन बसलो. त्या काळात दोनच वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद आली होती. १९९२ मध्ये पाडवा ४ एप्रिलला, ईद ५ एप्रिलला. १९९३ मध्ये पाडवा २४ मार्चला, ईद २५ मार्चला. यातली १९९३ ची ईद गुरुवारी होती. रविवारची ईद १९९२ ची. म्हणजे पहिला अंक रविवार, ५ एप्रिल १९९२ या दिवशी लिहिलेला. सुट्टी बुडाल्याचं एका मुलाला दुःख झालं, म्हणून आपल्याला दिवस कळला. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा, सातवीत.

दुसऱ्या अंकाची शिलाई खाकी दोऱ्याची आहे, बाकी सगळ्यांची पांढरी. अब्बांच्या मशीनला खाकी दोरा लागायचा तो मे-जूनमध्ये, शाळेच्या हाफ पँटींच्या वेळी. शिवाय आत बातमी आहे, 'संपादकांचे मोठे भाऊ सोलापूरला गेले.' मी जून १९९२ मध्ये गेलो. तेव्हा हाही अंक ठरला.

इथवर माझी आठवण बरोबर होती. दोन अंक, बारा वर्षांचा मुलगा. मी पुतणीला म्हणालो, "बघ, सांगितलं होतं ना?" तिने गुपचूप तिसरी वही पुढे केली.

'अंक तिसरा' असं दोन वह्यांवर लिहिलेलं आहे. अंक चौथा नाहीच. संपादकाचं गणित चुकलं, की त्याने मुद्दाम तसं केलं, सांगता येत नाही. त्यातल्या एका वहीत आम्हाला एकही खूण सापडली नाही. दुसऱ्या वहीत मात्र पहिलीच ओळ अशी: मिरवणूक बघून आलो, झोपलो आणि पहाटे घर हललं. पुढच्या पानावर, गेमच्या दुकानात मालकाने भूकंपग्रस्तांसाठी डबा ठेवला आहे, सगळ्यांनी एक डाव कमी खेळून त्यात आठ आणे टाकावेत, असं आवाहन.

श्रोतेहो, ही तारीख सांगायला पंचांग लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटत होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. मी तेव्हा सोलापुरात रस्त्यावर उभा होतो. इथे मिरजेत माझा चौदा वर्षांचा भाऊ आपल्या मासिकात मदतीचं आवाहन लिहीत होता. ते मला तीस वर्षं ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी त्याचं मासिक केव्हाच बंद पडलं होतं.

पाचवा अंक चक्क दिवाळी अंक आहे. मराठी मुलगा मासिक काढणार आणि दिवाळी अंक काढणार नाही, असं कसं होईल? त्याचं मुखपृष्ठ एका किराणा दुकानाच्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर आहे. पान उलटून पाहिलं तर नोव्हेंबर १९९१. त्या वर्षीची दिवाळीही नोव्हेंबरातच होती. मी म्हणालो, "झालं! हा १९९१ चा दिवाळी अंक. म्हणजे हाच सगळ्यात पहिला."

पुतणीने विचारलं, "आणि आत मुस्तफा आहे त्याचं काय?"

हा मुस्तफा कोण, ते सांगायला हवं. त्या काळी गेमच्या दुकानांत एक मशीन फार गाजलं. चार जणांतला एक गडी निवडायचा आणि गुंडांशी मारामारी करत पुढे जायचं. मध्येच डायनोसॉर येतात. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा. त्यातल्या पिवळी टोपी घातलेल्या गड्याचं नाव मुस्तफा, आणि तो सगळ्यांत चपळ. तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी अख्ख्या खेळाचंच नाव 'मुस्तफा' करून टाकलं. भावाच्या दिवाळी अंकात 'मुस्तफा विशेष' म्हणून चार पानं आहेत.

आणि हा खेळ निघाला १९९३ मध्ये. १९९१ च्या अंकात तो येणार कसा? भावाचा एक जुना मित्र आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला विचारलं, तर तो शपथेवर म्हणाला, मुस्तफाचं मशीन आपल्या गावात १९९० सालीच आलं होतं. जो खेळ अजून बनलाच नव्हता तो त्याने खेळला होता! मी त्याला हसलो नाही. माझंही तेच झालं होतं.

मग कॅलेंडरचं काय? उत्तर घरातच होतं. अब्बा जुन्या कॅलेंडरची पानं फेकत नसत. त्यांच्या पाठीवर ते कापडाचे नमुने आखत. मशीनखाली दोन-तीन वर्षांची पानं पडलेली असत. कागद १९९१ चा, पण शाई १९९३ ची. कागद फक्त एवढंच सांगतो की मी याच्या आधीचा नाही. आपण त्याच्याकडून जास्त वदवून घेतो. दिवाळी अंकाची दुसरी भिंत सहाव्या वहीने दिली. तिथे संपादक वाचकांचा निरोप घेतात: नववीची परीक्षा आज संपली, पुढचं वर्ष दहावीचं, अब्बांनी मासिक बंद करायला सांगितलं आहे. भावाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर मार्च १९९५ आहे. म्हणजे शेवटचा अंक एप्रिल १९९४ चा, आणि दिवाळी अंक नोव्हेंबर १९९३ चा.

पुतणीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. तिच्या अब्बांनी हे मासिक बाराव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, दोन वर्षं चालवलं. खूण नसलेली ती एक वही राहिली. ग्रंथपालांची यासाठी एक सुंदर पद्धत आहे. पुस्तकात छापलेली नसलेली तारीख आपण शोधून लिहिली, तर ती चौकोनी कंसात घालायची. खात्री नसेल तर कंसातच प्रश्नचिन्ह टाकायचं. त्या वहीपुढे आम्ही चौकोनी कंसात १९९२ लिहून प्रश्नचिन्ह टाकलं आहे. मला हे प्रश्नचिन्ह फार आवडलं. आम्ही कवी आणि घरातली थोरली माणसं ते सहसा वापरत नाही.

तुमच्याही घरी अशी हस्तलिखितं असतील. दोन-चार गोष्टी सांगतो. त्यांना प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, कागद त्यात कायमचा अडकतो. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून अक्षरही नेते. काही लिहायचं तर पेनाने नको, शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात आणि हलक्या हाताने. गठ्ठा ज्या क्रमाने सापडला तो क्रम आधी लिहून ठेवा. आणि कोरी पानं फाडू नका. कोऱ्या पानाचीही नोंद करायची असते.

ते कोरं पान आमच्या वह्यांत होतं. आता त्याबद्दल बोलायला हवं. इतका वेळ मी तेच टाळत होतो.

१९९२ साली माझी पहिली कविता एका मासिकात छापून आली होती. बी. ए. झालेला बावीस वर्षांचा मी, खांद्यावर झोळी घेऊन हिंडत होतो. मराठीत 'शब्द'सारखी सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं चार-दोन कवींनी स्वतःच्या हिमतीवर काढली होती, त्यांच्या गोष्टी मी मित्रांना भारावून सांगायचो. आणि घरात माझ्याच भावाने तेच केलं, तेव्हा मला ते दिसलं नाही. त्याने माझ्याकडे कविता मागितली होती. मी म्हणालो होतो, "गेमच्या वहीत कविता? बरं, देईन पुढच्या अंकाला." आणि सोलापूरला निघून गेलो.

पहिल्या अंकात शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं आहे, 'भाईची कविता पुढच्या अंकात.' दुसऱ्या अंकात एका पानावर वेलबुट्टी काढून 'भाईची कविता' असं शीर्षक दिलं आहे आणि पान कोरं आहे. तारीख नसलेल्या वहीत तसंच. भूकंपाच्या अंकात तसंच. दिवाळी अंकात वेलबुट्टी रंगीत आहे, पान कोरं आहे. मी घरी येत-जात होतो. त्याने पुन्हा मागितली नाही. फक्त जागा ठेवली.

तारखा लावल्या नसत्या तर मी अजूनही म्हणालो असतो की एक-दोन अंक निघाले आणि संपलं. चार अंकांत माझ्यासाठी पान राखून ठेवलं होतं, आणि ते जून १९९२ पासून नोव्हेंबर १९९३ पर्यंत, हे तारखांमुळे कळलं. तारीख नसती तर ते एक कोरं पान असतं. तारीख आहे म्हणून ती दीड वर्षाची वाट पाहणं आहे.

शेवटच्या अंकात मात्र ते पान कोरं नाही. संपादकाला जाताना वाचकांची दोन देणी फेडायची होती. एक माझी कविता, दुसरी तीस लाईफची युक्ती. त्याने दोन्ही एकाच पानावर फेडली. ही युक्ती मूळची जपानच्या कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 'ग्रेडियस' नावाचा खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी कळांचा एक गुप्त क्रम घातला, आणि तो १९८६ च्या त्या खेळात तसाच राहून गेला. पुढे कॉन्ट्रातही तोच क्रम आला. रिमोटवर बाणांच्या कळा असतात आणि बी, ए अशी दोन बटणं असतात. भावाने वेलबुट्टीखाली 'भाईची कविता' असं शीर्षक देऊन ओळीखाली ओळ लिहिलं आहे:

वर, वर,
खाली, खाली,
डावी, उजवी,
डावी, उजवी,
बी. ए.

आणि खाली तळटीप: 'आमचे भाई बी. ए. आहेत. एवढं पाठ केलं की तीस लाईफ मिळतात.'

सहा वह्यांची सूची आता तयार आहे. प्रत्येकीचं नाव, पानं, शिलाई, मुखपृष्ठाचा कागद, तारीख, आणि ती कशावरून ठरवली त्याचं कारण. कोऱ्या पानांची नोंद मी स्वतः केली: 'पृष्ठ कोरे, शीर्षक आहे, मजकूर आला नाही.' शेवटच्या अंकापाशी आल्यावर पुतणीने विचारलं, "या कवितेला कवी म्हणून कुणाचं नाव घालू?"

मी म्हटलं, "संपादकाचं घाल. आणि कंस नको. याची खात्री आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)